ढोलीतली बाळंतीण

लेकीचं बाळंतपण करायला परदेशी निघालेल्या बाईची बॅग उघडून बघावी लागत नाही, वासावरूनच कळते. सुलेखाताईंच्या बॅगेत डिंक होता, हळीव होते, खारकेची पूड होती, शिवाय बाळंतशेपा, ओवा, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग असा बाळगुटीचा सगळा गोतावळा होता. जुन्या सुती साड्यांची दुपटी होती, कुंच्या होत्या, आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेली दगडी सहाण. "सिंगापुरात दगड मिळत नाहीत का?" असं श्रीनिवासरावांनी गुहागरच्या घराच्या ओटीवरून विचारलं, तेव्हा सुलेखाताईंनी नवऱ्याकडे नुसतं बघितलं. ऐन आंब्यात बाग सोडून लेकीकडे यायला ज्यांना जमत नाही, त्यांनी सहाणेच्या वजनाबद्दल बोलू नये, असा त्या बघण्याचा अर्थ होता. तो श्रीनिवासरावांना बरोबर कळला आणि ते बागेकडे निघून गेले.

खरं तर जायचं होतं एप्रिलच्या अखेरीस. तिकीटही तसंच काढलेलं. पण बाळाला तिकीट कोण दाखवणार? ते सातव्यातच, फेब्रुवारी संपता संपता येऊन दाखल झालं. मुलगी. वजन जेमतेम एखाद्या पपईएवढं. तिला काचेच्या पेटीत ठेवलंय, एवढं जावयाने फोनवर सांगितलं आणि पुढे त्याला बोलता येईना. सुलेखाताईंनी तिकीट बदललं, लाडवांचं सामान तसंच बॅगेत भरलं आणि सिंगापूरला येऊन थडकल्या.

पासिर रिसमधला अनघाचा फ्लॅट चांगला उंचावर होता, हवेशीर, नीटनेटका. खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसायची आणि तिच्या अलीकडे झाडांचा दाट हिरवा पट्टा. पाळणा आणून ठेवलेला होता, पण त्याचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. अनघा रोज सकाळी दुधाच्या बाटल्यांची थंड पिशवी घेऊन हॉस्पिटलला जायची आणि संध्याकाळी रिकामी पिशवी घेऊन यायची. त्या वॉर्डात आईबापांशिवाय कुणाला सोडत नव्हते. आजीने नात बघितली ती फोनवर, आणि फोटोत नळ्या जास्त अन् नात कमी.

घरी आली की अनघा खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. आतून दूध काढायच्या मशीनची घरघर ऐकू यायची, मग तीही थांबायची. दार मात्र उघडायचं नाही. लहानपणी ही मुलगी भांडली की दार आपटायची, तेव्हा घरातली भांडी वाजायची. आता दार इतकं हळू लागायचं की सुलेखाताईंना ते आपटण्यापेक्षा जास्त लागायचं.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी डिंकाचे लाडू वळले. तुपात डिंक फुलला तसा सगळ्या मजल्यावर घमघमाट सुटला. बशीत दोन लाडू घेऊन त्या लेकीच्या दारात उभ्या राहिल्या.

"अनू, खाऊन घे गं. कंबरेला बरं असतं. बाळंतिणीने या दिवसांत..."

"आई, मी बाळंतीण नाहीये," अनघा म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "बाळंतिणीच्या जवळ बाळ असतं. माझ्याजवळ मशीन आहे. ते लाडू नको मला दाखवूस, प्लीज."

आणि दार लागलं.

वरुण, म्हणजे जावई, तसा भला मुलगा. वन-नॉर्थला ऑफिस, तिथून हॉस्पिटल, तिथून घर, अशी त्याची रोजची प्रदक्षिणा. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बसल्या बसल्या झोपायचा म्हणे. "आई, तिला थोडा वेळ द्या," तो म्हणाला. सुलेखाताईंकडे वेळच वेळ होता. बाळाचे कपडे दोनदा धुऊन झाले, कणभर धूळ नसलेली कपाटं पुसून झाली. बाळंतपण करायला आलेल्या बाईला करायला बाळंतपणच नव्हतं, आणि हातांना काम नसलं की डोकं नको तिथे जातं. मग एका पहाटे त्या चपला घालून खाली उतरल्या आणि समुद्राकाठच्या पार्कात गेल्या.

पार्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घसरगुंडी येते. इथे घसरगुंडी मागे टाकून आत गेलं की चक्क रान होतं. खाडीच्या अंगाला कांदळ, त्याची मुळं चिखलातून नाक वर काढून बसलेली. त्याच्या अलीकडे करंज, उंडी, देशी बदाम, भेरली माड. सुलेखाताई थबकल्याच. इतक्या लांब विमानात बसून आल्या आणि उतरल्या कुठे, तर आपल्याच खाडीकाठी! परक्या घरी लग्नाला जावं आणि तिथे माहेरची चार माणसं भेटावीत तसं त्यांना झालं. उंडीच्या बुंध्यावर त्यांनी तळवा ठेवला. "बाई गं, तू कशी इथे?" असं मराठीतच विचारलं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. दोन हजार चौदा. सिंगापुरात पाऊस पडत नाही म्हणजे आक्रीतच. गवताचा काथ्या झालेला, पायाखाली पानं कुरकुरत होती. "इथे ऋतू नसतात आई, बारा महिने एकच हवा," असं वरुणने आल्या आल्या सांगून टाकलं होतं. पण रोज पहाटे जाऊ लागल्यावर सुलेखाताईंना दिसायला लागलं. देशी बदामाची पानं शेंदरी होऊन गळली आणि आठवडाभरात फांदीफांदीवर हिरव्या वाती उभ्या राहिल्या. करंजाला तांबूस, तुकतुकीत पालवी फुटली. तळहातावर घेतली तर बाळाच्या कानाच्या पाळीसारखी मऊ. शिंजीर फुलांपुढे उलटा लोंबत होता. हळद्या पक्षी जोडीने फिरायला लागले होते. रानकोंबडी पिल्लं घेऊन वाळक्या पानांत खसफसत होती, आणि कोकीळ तर उजाडायच्या आत असा काही ओरडायचा की शेजारच्या ब्लॉकमधले लोक खिडक्या लावून घ्यायचे. चैत्र जवळ आल्याचं कोकिळाला कळलं होतं, जावयाला कळलं नव्हतं. पण जावयाचं सध्या लक्ष कुठे असणार, हेही त्यांना कळत होतं.

आणि मग त्यांना ककणेर दिसला.

काळा-पांढरा, भलामोठा पक्षी, चोचीवर आणखी एक चोच बसवल्यासारखं पिवळं शिंग. पुस्तकातली माणसं त्याला धनेश म्हणतात, कोकणात ककणेर. गुहागरला सड्यावरून उडताना त्याच्या पंखांचा आवाज त्यांनी लहानपणापासून ऐकला होता. पण इतक्या जवळून कधी बघितला नव्हता. अँगसाना नावाच्या एका जुन्या, पसरलेल्या झाडाच्या खोडाला तो बिलगून बसला होता. खोडात ढोली होती, पण ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं. मधे नुसती एक फट. त्या फटीपाशी त्याने मान झटकली, घशातून एक फळ चोचीच्या टोकावर आणलं आणि आत धरलं. आतून दुसऱ्या चोचीचं टोक आलं आणि फळ घेऊन गेलं.

"कोंडून ठेवलंय मेल्याने!" सुलेखाताई मोठ्याने म्हणाल्या.

"श्श्श!" झाडामागून आवाज आला.

तिथे घडीच्या स्टुलावर एक बाई बसल्या होत्या. सत्तरीच्या, किडकिडीत, डोक्यावर छत्रीएवढी टोपी, गळ्यात दुर्बीण, पायाशी थर्मास. त्या मिसेस को. समोरच्याच ब्लॉकमध्ये राहायच्या आणि ढोली लिंपली गेल्यापासून रोज पहाटे इथे येऊन बसायच्या. सुलेखाताईंचं इंग्रजी शाळेपुरतं आणि मिसेस कोंचं स्वतःपुरतं, त्यामुळे दोघींचं छान जमलं.

"ही लॉक हर?" सुलेखाताईंनी हाताने कुलूप लावून दाखवलं.

"नो, नो! नोबडी लॉक हर, ला!" मिसेस को म्हणाल्या, शेवटचा 'ला' तिथल्या बोलीतला. "शी क्लोज हरसेल्फ. फ्रॉम इनसाइड. फॉर बेबी." नर फक्त चिखल आणून देतो. आत बसून, आपल्या चोचीने भिंत तीच बांधते. मग पिल्लं उडण्याजोगी होईपर्यंत बाहेर येत नाही. नराने आणलं तर खायचं, नाही आणलं तर नाही. एवढं सगळं मिसेस कोंनी दहा शब्दांत आणि दोन हातांनी सांगितलं.

सुलेखाताई त्या फटीकडे बघत राहिल्या. काचेच्या पेटीलाही हात घालायला असंच एक भोक आहे, असं वरुण म्हणाला होता. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, श्रीनिवासरावांनाही नाही, पण त्या दिवशी त्यांनी मनाशी एक गाठ मारली: ही बाळंतीण पिल्लांना घेऊन सुखरूप बाहेर आली, तर आपली नातही सुखरूप घरी येईल. नवस म्हणावा तर देवाला सांगितलेलं नव्हतं. अंधश्रद्धा म्हणावी तर त्या शाळेत सायन्स शिकवून निवृत्त झालेल्या. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि इथे तर अख्खं झाड होतं.

आता, इथपर्यंत ठीक होतं. नुसतं बघत बसल्या असत्या तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आपल्या बाईला बाळंतीण दिसली आणि तिने तिला काही खायला दिलं नाही, असं झालंय का कधी? घरी डब्यात डिंकाचे लाडू पडून होते. जिच्यासाठी वळले ती बघायला तयार नव्हती. आणि इथे ही बिचारी दिवसदिवस अंधारात बसून नवरा आणेल त्यावर भागवतेय. दुसऱ्या दिवशी मिसेस को यायच्या आधीच सुलेखाताईंनी रुमालातून लाडू काढले आणि अँगसानाच्या मुळांच्या बेचक्यात ठेवले. नर खाली उतरेल, उचलेल, तिला नेऊन देईल, असा त्यांचा हिशोब. "घे बाई," त्या वर बघून म्हणाल्या, "तुझा तरी बाळंतविडा."

पुढल्या पहाटे लाडू नव्हते. सुलेखाताईंना इतका आनंद झाला की घरी येऊन त्यांनी वरुणला धिरडी करून घातली. मग रोजचाच परिपाठ सुरू झाला. रोज लाडू ठेवायचे, रोज ते संपलेले असायचे. डबा हलका होत गेला आणि त्यांचं मनही. साजूक तुपातलं कुणाच्या तरी अंगी लागत होतं.

ते कुणाच्या अंगी लागत होतं, हे एका सकाळी कळलं.

त्या पोचल्या तेव्हा उजाडलं होतं. झाडाखाली माणसाच्या उंचीएवढी लांब घोरपड होती. लाडवाचा शेवटचा चुरा मुळांतून चाटूनपुसून खात होती. खाऊन झाल्यावर तिने मान वर केली. दुभंगलेली जीभ बाहेर काढून हवा चाखली. आणि मग ती खोडावर चढू लागली.

नर कुठून तरी किंचाळत आला. पंख फडफडवत तिच्यावर झेप घेत होता, मागे फिरत होता, पुन्हा येत होता. घोरपडीला घाई नव्हती. नखं सालीत रुतवत ती ढोलीपर्यंत पोचली आणि लिंपलेल्या कडेवर तिने पंजा मारला. चिखलाचा एक पोपडा खाली पडला. आतून एक चिरका आवाज आला. तेवढ्यात मागून मिसेस को धावत आल्या आणि थर्मास स्टुलावर बडवायला लागल्या. सुलेखाताईंनी काय केलं, तर पायातली चप्पल काढली आणि आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी नेम धरून फेकलं. चप्पल घोरपडीच्या शेपटीला लागली. ती धप्पकन खाली पडली आणि कांदळात सरपटत गेली. नर मात्र उडून गेला तो गेलाच.

मिसेस को वाकल्या. मुळांतून त्यांनी चिमूटभर चुरा उचलला आणि हुंगला. खारीक, खोबरं, तूप. मग सुलेखाताईंकडे बघितलं.

"आंटी, यू?"

सुलेखाताईंनी मान डोलावली.

"नो फीडिंग! नॉट बिकॉज ऑफ फाइन!" मिसेस कोंनी वाटेवरच्या दंडाच्या पाटीकडे बोट केलं आणि लगेच ढोलीकडे. "यू फीड, बिग लिझर्ड कम. कम एव्हरी डे, ला! यू वॉन्ट टू हेल्प? देन सिट. जस्ट सिट!"

एका पायात चप्पल घालून सुलेखाताई घरी आल्या. दुसरी आणायची हिंमत झाली नाही. त्याच दुपारी वरुणचा फोन आला. बाळाला जंतुसंसर्ग झालाय, श्वासाला पुन्हा मशीन लावलंय, आम्ही दोघं इथेच थांबतोय. सुलेखाताई स्वयंपाकघराच्या फरशीवर बसल्या. ओट्यावर लाडवांचा रिकामा डबा पालथा घातलेला होता. आपण आपल्या हाताने केलं हे. तिचं घर फोडलं आपण, आणि त्याची शिक्षा त्या एवढ्याशा जिवाला. सायन्स वगैरे सगळं त्या दिवशी कुठल्या कुठे पळालं.

त्यानंतर त्या पार्कात गेल्या नाहीत. मधे आभाळ भरून आलं, पाऊसही झाला. लोक म्हणाले, सुटलो एकदाचे. सुलेखाताईंनी खिडकीही उघडली नाही. बाळाचा ताप उतरला, पण मशीन निघालं नव्हतं.

रविवारी सकाळी वरुण हॉस्पिटलला पुढे गेला होता. अनघा पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली. आई मेथी निवडत बसली होती, निवडलेलीच पुन्हा निवडत.

"आई, तू फिरायला नाही जात हल्ली?"

आल्यापासून लेकीने विचारलेला हा पहिला प्रश्न होता. सुलेखाताईंना रडूच फुटलं. मग ढोली, फट, मिसेस को, गाठ, सगळं बाहेर आलं. घोरपडीशी येऊन त्या थांबल्या.

"लाडू? कुठले लाडू?" अनघाने विचारलं.

"डिंकाचे."

"मी नको म्हटले ते?"

"हो."

"आणि ते सगळे घोरपडीने खाल्ले? साजूक तुपातले?"

"सगळे."

अनघाच्या ओठाचा कोपरा हलला. "म्हणजे आता तिची कंबर नाही दुखणार."

आधी अनघा हसली, मग सुलेखाताई हसल्या, मग दोघींना आवरेना. हसता हसता अनघा कधी रडायला लागली ते कळलंच नाही. मेथीच्या पसाऱ्यात बसून तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"आई, लाडवांमुळे काही नाही झालं गं. अशा लहान बाळांना होतं इन्फेक्शन. डॉक्टर म्हणाले." मग म्हणाली, "मला रोज वाटतं, माझ्यामुळेच ती लवकर आली. शेवटपर्यंत आंग मो किओला ऑफिसला जात होते. एकदा एमआरटीत बसायला जागा नव्हती, उभी राहून आले. एकदा जिना चढले. रोज एक नवीन कारण सापडतं. तू लाडू घेऊन दारात उभी राहिलीस ना, तेव्हा वाटलं, हे आपल्याला कशाला? हे मिळण्यासारखं आपण काय केलंय?"

सुलेखाताई तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. वेडे, असं नसतं, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. थोड्या वेळापूर्वीपर्यंत त्या स्वतः तेच करत होत्या. लेकीने गुण उचलले होते ते कुणाचे, हे सांगायला नको होतं.

"मला दाखव ती ढोली," अनघा म्हणाली. "हॉस्पिटलला जायच्या आधी जाऊ."

दोघी निघाल्या. थंड पिशवी अनघाच्या खांद्याला होतीच. पावसाने रान धुऊन निघालं होतं, आणि आत शिरल्यावर दोघी जागच्या जागी उभ्या राहिल्या. अँगसाना फुलला होता. परवापर्यंत पान आणि फांदी एवढंच असलेलं झाड नखशिखांत पिवळं झालं होतं. वरून फुलं टपटपत होती, वाट पिवळी, मुळं पिवळी, मिसेस कोंची टोपीसुद्धा पिवळी. हे झाड पावसाची वाट बघत कळ्या धरून बसतं आणि मग एका दिवसात सगळं उधळून मोकळं होतं, असं मिसेस कोंनी मागे सांगितलं होतं. तेव्हा सुलेखाताईंना ती थाप वाटली होती.

मिसेस कोंनी वळून बघितलं. स्टुलाच्या बाजूला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी सुलेखाताईंना दिलं. चप्पल होती, चिखल पुसून स्वच्छ केलेली.

"माय डॉटर," सुलेखाताई कशाबशा म्हणाल्या. पुढचं विचारायचा धीर होत नव्हता. "बर्ड? इज शी...?"

"सिट," मिसेस को म्हणाल्या.

तिघी बसल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. सुलेखाताईंचा जीव कानांत गोळा झाला होता. मग आतून टकटक असा बारीक आवाज आला. फटीत चोचीची कड दिसली. घोरपडीने पाडलेल्या कडेवर ती आडवी होऊन थापत होती, ओलं काहीतरी बसवत होती, पुन्हा थापत होती. ककणेरीण घराची डागडुजी करत होती.

सुलेखाताईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

आणि मग पंखांचा तो ओळखीचा आवाज आला. नर पिवळ्या फांदीवर उतरला, इकडेतिकडे बघितलं, खोडाला बिलगला. मान झटकून त्याने एक उंबराएवढं फळ काढलं आणि फटीत धरलं. ते गेलं. दुसरं काढलं, तेही गेलं. घशात किती साठवून आणलं होतं कोण जाणे, संपतच नव्हतं. आतून मोठ्या चोचीच्या मागे आणखी कुणीतरी किरकिरलं. बारीक, हट्टी आवाज.

"बेबी," मिसेस को कुजबुजल्या. "अलाइव्ह. व्हेरी हंग्री."

अनघा श्वास रोखून बघत होती. "आई," ती हळूच म्हणाली, "माझं दूधसुद्धा असंच जातं. नळीतून, थेंब थेंब. मला वाटायचं मी नुसती बसलेय, मी काहीच करत नाहीये तिच्यासाठी."

यावर सुलेखाताईंना सांगण्यासारखं पुष्कळ सुचलं. अगदी जिभेवर आलं. पण त्यांनी मिसेस कोंकडे बघितलं आणि नुसत्या बसून राहिल्या. लेकीचा खांदा त्यांच्या खांद्याला टेकला होता. फुलं पडत होती. बरं वाटत होतं, खूप बरं वाटत होतं, आणि याबद्दल आभार नक्की कुणाचे मानायचे हे कळत नव्हतं, म्हणून त्यांनी मनातल्या मनात झाडापासून सुरुवात केली.

निघताना अनघाने विचारलं, "लाडू अजिबातच नाही उरले?"

"एक नाही. सामान आहे."

"मग कर ना."

त्या रात्री अनघाने दार लोटलं, पण लावलं नाही. बोटभर फट राहिली होती.

पुढे बाळाचं मशीन निघालं. मग एके दिवशी नर्सने तिला पेटीतून काढून अनघाच्या छातीशी दिलं, कातडीला कातडी लावून, आणि म्हणाली, आता हलू नकोस, अशीच बसून राहा. अनघा दुपारभर तशीच बसली. घरी आल्यावर तिने आईला सांगितलं, "आज मी ढोलीत बसले होते." सुलेखाताईंनी त्या नर्सला डबाभर लाडू धाडले. मिसेस कोंनाही एक डबा नेऊन दिला. "गिव्ह टू पर्सन," त्या म्हणाल्या, "देन नो फाइन?" मिसेस कोंनी लाडू आधी हुंगला, मग खाल्ला, मग म्हणाल्या की घोरपडीची काही चूक नाही.

आणि एप्रिलच्या मध्याला नात घरी आली.

तेव्हापासून सुलेखाताईंना दिवस पुरेना. पाळण्याचं प्लॅस्टिक निघालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन भरेपर्यंत दुधाशिवाय काही नाही, तेव्हा बाळगुटी आपली डब्यातच राहिली आणि गुहागरहून आणलेल्या सहाणेचा उपयोग सध्या बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटू नये एवढाच झाला. फोनवर हे ऐकून श्रीनिवासराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण दुपट्यांना न्याय मिळाला, ओव्याला मिळाला, हळिवाच्या खिरीला मिळाला. इरा नाव ठेवायचं ठरलं. इरा रडली की सुलेखाताईंना गाणं ऐकल्यासारखं वाटायचं, कारण त्या रडण्यामागे मशीन नव्हतं.

आणि एका सकाळी नातीचं दुपटं वाळत घालताना खिडकीतून समोरचा हिरवा पट्टा दिसला. ककणेरीण! जिच्या पायाशी आपण नातीचा जीव बांधला होता, ती आपण साफ विसरून गेलो होतो. इतके दिवस तिची आठवणसुद्धा झाली नव्हती. त्या तशाच चपला सरकवून धावल्या.

टेंबुसूचं झाड फुललं होतं, वाटभर त्याचा वास होता. अँगसाना पुन्हा हिरवागार, काही झालंच नाही असा उभा. ढोलीचं तोंड मोकळं होतं. भिंत फुटलेली, आत काळोख, खाली चिखलाचे पोपडे आणि एक पांढरं पीस.

"ट्यूजडे," स्टुलावरून मिसेस को म्हणाल्या. "मदर कम आउट. टू बेबी. ऑल फ्लाय. यू नेव्हर कम!" आवाजात तक्रार होती. "सो लाँग यू वेट, अँड यू मिस!"

"यस," सुलेखाताई म्हणाल्या. "आय फरगॉट." आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं त्यावरून मिसेस कोंना काय ते कळलं. त्यांनी दुर्बीण खाली ठेवली.

"युवर बेबी? होम?"

"होम."

मिसेस कोंनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्यांच्या हातात दिला. सुलेखाताईंनी तो उभ्याउभ्याच प्यायला. मग रिकाम्या ढोलीपुढे हात जोडले. आभार मानायला यावं आणि घरात कुणीच नसावं, अशी वेळ. पण घरात कुणी नसणं यासारखं दुसरं चांगलं उत्तर तिथे असूच शकत नव्हतं.

घरी परतल्या तेव्हा ऊन वर आलं होतं. वरुण ऑफिसला गेलेला. अनघाच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. अनघा आडवी होऊन गाढ झोपली होती, तोंड उघडं, केस विस्कटलेले, उशाशी अर्धा खाल्लेला लाडू. पाळण्यात इरा जागी होती. रडत नव्हती, मुठी चोखत छताकडे बघत होती.

सुलेखाताईंचा हात आपसूक दुपट्याकडे गेला. सारखं करावं, उचलावं, कुशीवर वळवावं. मग त्यांनी हात मागे घेतला, स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, पाळण्याशेजारी ठेवलं आणि नुसत्या बसल्या.